परतलेल्या चोवीस जणींपैकी एक : व्हिव्हियन बुलविंकल

(जागतिक परिचारिका दिनी, १२ मे रोजी, परिचर्या विद्यालयाच्या नव्या तुकडीच्या दीपप्रज्वलन समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आजचा दिवस फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माचा. दरवर्षी या व्यासपीठावरून त्यांच्याविषयी बोलले जाते आणि ते उचितच आहे. यंदा मात्र त्यांच्या नावाचे पदक ज्यांना लाभले, अशा एका परिचारिकेचे चरित्र आपणापुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. हे पदक म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे. आपल्या भारत सरकारनेही १९७३ पासून राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला, तो वेगळा. पुष्कळदा या दोहोंत गल्लत होते, म्हणून आरंभीच खुलासा केला.

आमच्या चरित्रनायिकेचे नाव व्हिव्हियन बुलविंकल. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. त्यांचा जन्म १८ डिसेंबर १९१५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा या लहानशा गावी झाला. परिचर्येचे व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण त्यांनी ब्रोकन हिल या खाणकामगारांच्या गावच्या रुग्णालयात घेतले. त्या काळची शिक्षणाची रीत विद्यार्थिनींनी समजून घेण्यासारखी आहे. मुलगी रुग्णालयात दाखल झाली की त्याच दिवसापासून ती रुग्णालयाच्या मनुष्यबळात मोजली जाई. दिवसभर वॉर्डात राबायचे, बिछाने घालायचे, भांडी उकळायची, रात्रपाळ्या करायच्या आणि उरलेल्या वेळात, पेंगुळल्या डोळ्यांनी, व्याख्याने ऐकायची. काम हेच शिक्षण, अशी समजूत होती. या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बुलविंकल यांनी हवाई दलात जाण्यासाठी अर्ज केला. पायाचे तळवे सपाट आहेत, या कारणास्तव तो नाकारला गेला. पुढे याच पायांनी त्यांनी काय काय सोसले ते ऐकल्यावर वैद्यकीय तपासणीच्या निकषांविषयी मनात थोडी शंका आल्यावाचून राहत नाही. १९४१ साली भूदलाच्या परिचर्या सेवेने त्यांना घेतले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्या २/१३ ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटल या तुकडीबरोबर सिंगापूरकडे निघाल्या. डिसेंबरात जपानी फौजा मलायात उतरल्या. त्या लढाईत आपल्या देशाचे सैनिकही फार मोठ्या संख्येने होते आणि सिंगापूर पडल्यावर त्यांतील हजारो युद्धकैदी झाले, हे आपण जाणताच.

१२ फेब्रुवारी १९४२ रोजी, शरणागतीला अवघे तीन दिवस उरले असताना, ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना ‘व्हायनर ब्रुक’ नावाच्या जहाजातून सिंगापूरबाहेर पाठविण्यात आले. जहाज लहान, त्यावर बायकामुले, वृद्ध आणि जखमी मिळून क्षमतेबाहेर माणसे भरलेली. या परिचारिकांना जायचे नव्हते. रुग्णांना मागे सोडून निघणे त्यांच्या जिवावर आले होते. हुकूम झाला म्हणून त्या निघाल्या. १४ तारखेस सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी जहाजावर बाँब टाकले आणि थोड्याच वेळात ते बुडाले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. त्यामुळे कोणत्याही हकिगतीतील आकडे आधी डोळ्यांत भरतात. या हकिगतीतील आकडे असे आहेत. जहाजावर ६५ परिचारिका होत्या. त्यांपैकी १२ समुद्रात गेल्या. त्यांच्यात मेट्रन ऑलिव्ह पाश्के होत्या. २२ जणी बांका बेटाच्या रॅडजी नावाच्या किनाऱ्यावर लागल्या आणि त्यांतील २१ तेथेच मारल्या गेल्या. बंदिवासात ३२ गेल्या व तेथे ८ मरण पावल्या. साडेतीन वर्षांनी मायदेशी परतल्या त्या २४. ही बेरीज-वजाबाकी कागदावर बरोबर जमते. आम्ही ती अनेकदा करून पाहिली आहे आणि दर वेळी उत्तर बरोबर येऊनही वही मिटवत नाही.

त्या किनाऱ्यावर काय घडले ते सांगितले पाहिजे. वाळूत जाळ पेटवून निरनिराळ्या नावांतून आलेली माणसे एकत्र जमली होती. त्यांत जखमी पुष्कळ. अन्न नाही, औषध नाही, बेट जपान्यांच्या ताब्यात. शरण जावे असे ठरले आणि जहाजाचा एक अधिकारी मुंतोक गावी जपान्यांना वर्दी देण्यास गेला. दरम्यान मेट्रन आयरिन ड्रमंड यांनी स्त्रिया व मुले यांनी गावाकडे चालू लागावे असे सुचविले आणि बहुतेक जणी निघाल्याही. परिचारिका निघाल्या नाहीत. स्ट्रेचरवर जखमी होते. त्यांना सोडून जाण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. रेडक्रॉसच्या पट्ट्या दंडावर बांधून त्या थांबल्या.

विद्यार्थिनींनो, या घटनेत शौर्याचा क्षण कोणता, असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही हा थांबण्याचा क्षण दाखवू. पुढचे सारे त्यांच्यावर लादले गेले. हे मात्र त्यांनी स्वतः केले. आणि तेही फार विचार करून केले असे दिसत नाही. रुग्ण आहे तोवर वॉर्ड सोडायचा नाही, ही शिस्त ब्रोकन हिलसारख्या रुग्णालयांतून रात्रपाळ्या करताना त्यांच्या अंगात मुरली होती.

१६ फेब्रुवारीला सैनिक आले. पुरुषांना खडकाच्या आडोशाला नेऊन ठार करण्यात आले. मग २२ परिचारिका व एक अन्य स्त्री यांना समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालावयास सांगितले आणि त्या कमरेइतक्या पाण्यात पोहोचताच मागून मशिनगन चालविली. स्ट्रेचरवरच्या जखमींनाही सोडले नाही. बुलविंकल यांना डाव्या कमरेच्या वर गोळी लागली आणि ती आरपार गेली. त्या पाण्यावर निपचित पडून राहिल्या. लाटांनी त्यांना काठाला आणले. सैनिक गेल्यावर त्या जंगलात शिरल्या.

तेथे त्यांना सेसिल किन्स्ली हा इंग्रज सैनिक भेटला. त्याच कत्तलीतून तो कसाबसा वाचला होता आणि त्याच्या जखमा त्यांच्याहून गंभीर होत्या. स्वतःच्या अंगात गोळीची जखम असलेल्या या सिस्टरने बारा दिवस त्याची शुश्रूषा केली. नारळाच्या काथ्याने जखमा बांधल्या, झऱ्यावरून पाणी आणले, वस्तीवर जाऊन अन्न मागितले. गावच्या पुरुषांनी भीतीपोटी नकार दिला. बायकांनी मागून हळूच येऊन शिधा ठेवला. शेवटी पुन्हा शरण जाण्याखेरीज उपाय उरला नाही. तेव्हा किन्स्लीने एक दिवस थांबण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी त्याचा ३९ वा वाढदिवस होता आणि तो त्याला मोकळ्या हवेत घालवायचा होता. त्या थांबल्या. शरण गेल्यावर थोड्याच दिवसांत किन्स्ली वारला.

कैदेत जाताना बुलविंकल यांनी पाण्याची बाटली कमरेशी अशी धरली होती की गणवेशाला पडलेले गोळीचे भोक झाकले जावे. ते दिसते तर त्या एकमेव साक्षीदार आहेत हे उघड झाले असते. छावणीत आपल्या सहकारी परिचारिकांना त्यांनी सर्व सांगितले आणि सगळ्यांनी मिळून ठरविले की सुटका होईपर्यंत हा विषय पुन्हा काढायचा नाही. साडेतीन वर्षे, एकतीस जणींनी हे मौन पाळले. एखादी गोपनीय बाब आपल्या रुग्णालयात किती वेळात ओपीडीपासून कँटीनपर्यंत पोहोचते, याचा अनुभव असलेल्या आम्हां प्रशासकांना याचे आश्चर्य वाटते, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

छावण्यांमधील हालांचे वर्णन विस्ताराने करीत नाही. हिवताप, आमांश, बेरीबेरी आणि उपासमार यांनी माणसे जात राहिली. औषधे नसताना परिचर्या कशी करायची, हा प्रश्न त्या बायकांपुढे रोज होता आणि त्याचे उत्तर स्वच्छता, पाणी व शेजारी बसणे एवढेच होते. त्यांनी आपले करडे गणवेश मात्र जपून ठेवले होते. सप्टेंबर १९४५ मध्ये विमान आले तेव्हा हाडांचे सापळे झालेल्या त्या २४ जणी आपल्या गणवेशात त्याला सामोऱ्या गेल्या. त्यांना न्यावयास सैन्याच्या मेट्रन-इन-चीफ ॲनी सेज स्वतः आल्या होत्या. बुलविंकल यांचा तो गणवेश आज कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात आहे.

डिसेंबर १९४६ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे त्यांनी साक्ष दिली. १९४७ मध्ये रॉयल रेडक्रॉस सन्मान व फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक त्यांना प्रदान झाले. येथे एक गोष्ट सांगणे आम्ही टाळणार नाही, कारण समोर बसलेल्या मुली उद्या एकट्या रात्रपाळीला उभ्या राहणार आहेत. बुलविंकल यांच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, इतिहास-संशोधक लिनेट सिल्व्हर यांनी असे पुरावे मांडले की कत्तलीपूर्वी त्या परिचारिकांवर अत्याचार झाले होते आणि त्याविषयी साक्षीत काही बोलू नये असे बुलविंकल यांना त्यांच्याच वरिष्ठांकडून बजावण्यात आले होते. मृतांच्या कुटुंबीयांना क्लेश होऊ नयेत, हा हेतू असेलही. पण शत्रूच्या छावणीत स्वतःहून धरलेले मौन आणि स्वतःच्या संस्थेने लादलेले मौन यांत फार अंतर आहे. पहिल्याने जीव वाचले. दुसऱ्याचे ओझे एकट्या बाईने आयुष्यभर वाहिले. आपल्या संस्थेत तक्रार समिती आहे; तिच्या सदस्यांची नावे प्रत्येक वॉर्डात लावलेली आहेत. ती नावे विद्यार्थिनींनी आजच वाचून ठेवावीत.

आता आम्ही त्या भागाकडे वळतो ज्यासाठी हा विषय निवडला. किनाऱ्यावरची घटना एका सकाळची. त्यानंतर बुलविंकल यांनी परिचर्येत तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्या काळाविषयी लोक फार थोडे बोलतात.

परतल्यावर त्या आणि त्यांची छावणीतील सोबतीण बेटी जेफ्री यांनी एक काम अंगावर घेतले. मृत परिचारिकांचे स्मारक करायचे, पण ते दगडाचे नको. परिचारिकांना उतरता येईल, भेटता येईल, शिकता येईल अशी वास्तू हवी. या दोघी मोटारीने व्हिक्टोरिया राज्यातील रुग्णालयांतून फिरल्या, परिचारिकांपुढे बोलल्या आणि निधी गोळा केला. १९५० मध्ये मेलबर्न येथे ‘नर्सेस मेमोरियल सेंटर’ उभे राहिले. जेफ्री त्याच्या पहिल्या प्रशासक झाल्या. आमच्याच व्यवसायातल्या म्हणून आम्हांला त्यांच्याविषयी विशेष आत्मीयता आहे. या संस्थेने पुढे परिचारिकांच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. देणगीचा पैसा भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत न घालता शिष्यवृत्तीत घालणे किती अवघड असते, हे येथे उपस्थित विश्वस्त आमच्याहून अधिक जाणतात.

१९६१ मध्ये बुलविंकल फेअरफील्ड येथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या आणि १९७७ पर्यंत त्यांनी तेथील परिचर्या विभाग सांभाळला. पोलिओने श्वास गमावलेले रुग्ण जेथे यंत्रांच्या आधारे वर्षानुवर्षे राहत, असे ते रुग्णालय. अशा ठिकाणी परिचारिकेची पहिली परीक्षा हात धुण्यात असते. २०२० साली आपल्या विलगीकरण कक्षात ज्या सिस्टर्सनी काम केले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९७५ मध्ये सायगावहून अनाथ बालकांना ऑस्ट्रेलियात आणण्याची मोहीम झाली तेव्हा साठीला टेकलेल्या बुलविंकल परिचारिकांसह तिकडे गेल्या. आग्नेय आशियाच्या युद्धभूमीवर पुन्हा पाऊल ठेवताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आम्ही करीत नाही.

याच दशकात त्या ‘कॉलेज ऑफ नर्सिंग, ऑस्ट्रेलिया’च्या अध्यक्षा झाल्या. हे महाविद्यालय १९४९ मध्ये स्थापन झाले व त्याच्या स्थापनेत ॲनी सेज यांचाच पुढाकार होता. परिचारिकेचे शिक्षण रुग्णालयाच्या गरजेनुसार व्हावे की तिच्या ज्ञानाच्या गरजेनुसार, हा वाद तेव्हा त्या देशात ऐन भरात होता. १९८४ मध्ये तेथील केंद्र सरकारने परिचर्येचे मूलभूत शिक्षण रुग्णालयांतून काढून उच्च शिक्षणसंस्थांकडे सोपविण्याचे धोरण स्वीकारले आणि पुढील दशकभरात ते पूर्णपणे अमलात आले. ज्यांनी स्वतः वॉर्डातच घासून शिक्षण घेतले, त्यांच्याच पिढीने पुढच्या मुलींना त्यातून सोडविले. आम्ही सोसले तर तुम्हीही सोसा, असे म्हणण्याचा अधिकार बुलविंकल यांच्याइतका कोणाला असेल? तो त्यांनी वापरला नाही.

आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, अभ्यासक्रम ठरले, तासिका ठरल्या. तरीही कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाच्या हिशेबनिसाला एक मोह होतो, तो स्पष्ट बोललेला बरा. विद्यार्थिनी वॉर्डात उभी राहिली की एका सिस्टरचा पगार वाचल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वाचत नाही. अर्धवट शिकलेल्या मुलीवर तीस खाटांची रात्र सोपविली की त्याची किंमत रुग्ण देतो, आणि रुग्णाने दिलेली किंमत आमच्या ताळेबंदाच्या कोणत्याच शीर्षाखाली येत नाही, म्हणून ती दिसत नाही, इतकेच. दिवसाच्या अखेरीस जमा-नावे जुळली की हिशेबनीस समाधानाने घरी जातो.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही यंदा एक प्रस्ताव ठेवला आहे. त्याचे दोन भाग आहेत. विद्यार्थिनींची गणना रात्रपाळीच्या किमान मनुष्यबळात करू नये, हा पहिला. दरवर्षी दोन सिस्टर्सना पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांसाठी पगारी रजा मिळावी, हा दुसरा. पहिल्या भागासाठी नव्या नेमणुका लागतील. दुसऱ्यासाठी स्वतंत्र निधी लागेल. खर्च लहान नाही आणि तो लहान आहे असे भासविण्याचा आमचा प्रयत्नही नाही.

चर्चेच्या वेळी एका सन्माननीय सदस्यांनी विचारले की या मुली शिकून दुसरीकडे गेल्या तर? प्रश्न रास्त आहे. आपल्या गावातून परिचारिका मोठ्या शहरांकडे आणि परदेशी जातात, हे आम्ही दर महिन्याच्या राजीनाम्यांत पाहतो. बाँड लिहून घेण्याचाही विचार पुढे आला आहे. आम्हांला येथे ब्रोकन हिलच्या रुग्णालयाची आठवण होते. त्यांनी एका मुलीला शिकविले. ती दुसऱ्या गावी गेली, मेलबर्नला गेली, मलायाला गेली आणि पुन्हा त्यांच्या वॉर्डात नोकरीला आली नाही. त्या रुग्णालयाच्या तेव्हाच्या हिशेबनिसाने तिच्या प्रशिक्षणावरील रक्कम कोणत्या रकान्यात लिहावी? जमेच्या बाजूस ती लिहिता येत नाही, हे वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून आम्हांला ठाऊक आहे. नावे टाकण्यास मात्र हात धजत नाही.

निवृत्तीच्या वर्षीच, १९७७ मध्ये, बुलविंकल यांनी कर्नल फ्रान्सिस स्टॅथम यांच्याशी विवाह केला व त्या पर्थ येथे राहावयास गेल्या. १९९३ मध्ये त्या पुन्हा बांका बेटावर गेल्या. मुंतोक येथे आपल्या सहकाऱ्यांच्या स्मारकाचे अनावरण त्यांच्या उपस्थितीत झाले. ३ जुलै २००० रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑगस्ट २०२३ रोजी कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. तेथे एखाद्या परिचारिकेचा असा स्वतंत्र पुतळा होण्याची ही पहिलीच वेळ. पुतळ्याच्या पायाशी पोलादाच्या २२ चकत्या बसविल्या आहेत आणि त्यांची मांडणी १६ फेब्रुवारी १९४२ रोजीच्या आकाशातील ताऱ्यांसारखी आहे. पुतळ्यासाठी तेथील परिचारिकांच्या महाविद्यालयाने पुढाकार घेतला आणि त्याच उपक्रमात त्या परिचारिकांच्या नावाने शिष्यवृत्त्याही ठेवल्या. त्यांच्यापुरता दगड की शिक्षण हा प्रश्न त्यांनी दोन्ही करून सोडविला.

मंडळाची पुढील सभा जुलै महिन्यात आहे. प्रस्तावाची प्रत व त्यासोबतचे खर्चाचे तपशील मेट्रनबाईंच्या कार्यालयात ठेवले आहेत. सिस्टर्सनी ते वाचून आपल्या सूचना सभेपूर्वी लेखी द्याव्यात. रात्रपाळीच्या सिस्टर्सना दिवसा येणे जमत नसेल तर त्यांच्यासाठी एक प्रत अपघात विभागाच्या टेबलावरही ठेवण्याची व्यवस्था केली आहे.

 आता मेट्रनबाईंनी व्यासपीठावर येऊन पहिली ज्योत लावावी, अशी त्यांना विनंती करतो.